सापसुरळी

सापसुरळी हा सरीसृप वर्गाच्या स्क्वॅमाटा गणातील सिन्सिडी कुलात मोडणारा प्राणी आहे. पाल, सरडा व घोरपड यांच्याप्रमाणे सापसुरळीची गणनाही सरडे या व्यापक गटात होते. गुळगुळीत, चकचकीत खवले, नळीसारखे गोल शरीर, मान वेगळी न दिसणे आणि आखूड पाय ही तिची ठळक लक्षणे होत. महाराष्ट्रात तिला ‘सापाची मावशी’ या नावानेही ओळखले जाते. इंग्रजीत या कुलातील प्राण्यांना ‘स्किंक’ म्हणतात. सिन्सिडी हे सरड्यांच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून त्यात १,७०० हून अधिक जातींचा समावेश होतो. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत आणि महासागरांतील अनेक दुर्गम बेटांवर सापसुरळ्या आढळतात.

सापसुरळी पूर्णपणे बिनविषारी आहे. तरीही जगातील अनेक भाषांत तिच्या नावाशी साप, विष, मृत्यू किंवा दुष्ट आत्मा यांची कल्पना जोडलेली आढळते. ‘स्किंक’ या शब्दाचा इतिहास मात्र प्राचीन औषधांच्या व्यापाराशी निगडित आहे. या नावांचे अर्थ भाषेच्या अभ्यासापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. त्यांचा परिणाम माणूस या प्राण्याशी कसा वागतो यावर आणि सर्पदंशाविषयीच्या लोकसमजुतींवरही झालेला आहे.

शरीररचना

सापसुरळीचे खवले माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक खवल्याखाली हाडाचे पातळ पट्ट असते आणि तेही लहान लहान तुकड्यांच्या जुळणीतून बनलेले असते. त्यामुळे शरीराला लवचिक चिलखताचे संरक्षण मिळते. डोक्यावर मोठे, सममित पट्ट असतात. डोके धडाइतकेच रुंद असल्याने मान स्पष्ट दिसत नाही. डोळ्यांना बहुधा हलणाऱ्या पापण्या असतात. काही जातींत खालच्या पापणीत पारदर्शक खिडकी असते, त्यामुळे डोळा मिटलेला असतानाही प्राण्याला दिसू शकते. माती व पाचोळ्यात वावरताना याचा उपयोग होतो. कानाचे छिद्र बहुतेक जातींत बाहेरून दिसते.

शेपूट लांब व निमुळती असते. शत्रूने पकडल्यास सापसुरळी शेपटीचा भाग तोडून टाकते. तुटलेला तुकडा काही काळ वळवळत राहतो, शत्रूचे लक्ष त्याकडे वेधले जाते आणि तेवढ्यात प्राणी निसटतो. हा तुटण्याचा बिंदू शेपटीच्या मणक्यांमध्येच पूर्वयोजित असतो. शेपूट पुन्हा वाढते, परंतु नव्या भागात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. शेपटीत चरबी साठवलेली असल्याने ती गमावणे प्राण्याला महागात पडते.

जीवनक्रम

बहुतेक सापसुरळ्या दिवसा वावरतात. सकाळी उन्हात बसून त्या शरीराचे तापमान वाढवतात आणि नंतर गवतात, पाचोळ्यात, दगडांच्या फटींत व लाकडांच्या ओंडक्यांखाली भक्ष्य शोधतात. नाकतोडे, रातकिडे, वाळवी, भुंगेरे, कोळी आणि गांडुळे हे त्यांचे नेहमीचे अन्न होय. सॉलोमन बेटांवरील कोरुसिया झेब्राटा ही आकाराने सर्वांत मोठी जात मात्र शाकाहारी असून ती शेपटीने फांदीला धरून झाडांवर राहते.

प्रजननाच्या बाबतीत या कुलात मोठी विविधता आहे. काही जाती अंडी घालतात, तर अनेक जाती पिल्लांना जन्म देतात. ऑस्ट्रेलियातील सायफॉस इक्वॅलिस या जातीचे काही समुदाय अंडी घालतात व काही समुदाय पिल्लांना जन्म देतात. याच जातीच्या एका मादीने आधी अंडी घालून त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच खेपेतील एका जिवंत पिल्लाला जन्म दिल्याची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात सामान्यपणे दिसणाऱ्या गवती सापसुरळ्या अंडी घालणाऱ्या आहेत.

महाराष्ट्र व गोव्यातील जाती

महाराष्ट्रात शेतांच्या बांधांवर, बागांत, घरांच्या परसात व जंगलात सापसुरळ्या आढळतात. आकाराने मोठी व सर्वाधिक परिचित जात युट्रोपिस कॅरिनाटा ही होय. तिच्या डोक्याच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी सुमारे १२ सेंमी. पर्यंत असते व शेपूट त्याहून लांब असते. पाठ तपकिरी व चकचकीत असून दोन्ही बाजूंना डोळ्यांपासून मागे जाणारे फिकट पट्टे असतात. तिच्या पाठीवरच्या खवल्यांवर उभे कंगोरे असतात.

युट्रोपिस मॅक्युलेरिया ही जात आकाराने लहान असून पाचोळ्यात वावरते. विणीच्या हंगामात तिच्या नराच्या गळ्यावर व कुशीवर लालसर रंग चढतो. रायोपा पंक्टाटा या जातीचे शरीर अधिक सडपातळ व पाय फारच आखूड असतात. तिच्या अंगावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात आणि पिल्लांची शेपूट लालभडक असते. घाईने पळताना ती पाय अंगाशी घेऊन शरीराला नागमोडी वळणे देत सरकते. अशा वेळी ती सापाचे पिल्लू असल्याचा भास होतो.

दोन जातींच्या नावांत या प्रदेशातील ठिकाणांचा उल्लेख आहे. युट्रोपिस आलापल्लेन्सिस या जातीचे वर्णन कार्ल पॅटरसन श्मिट यांनी १९२६ मध्ये केले. तिला ज्या आलापल्लीच्या जंगलाचे नाव मिळाले ते तेव्हा चांदा जिल्ह्यात होते व आज गडचिरोली जिल्ह्यात येते. रायोपा गोआएन्सिस या जातीला गोव्याचे नाव असून तिचे वर्णन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठी नावे व त्यांचे अर्थ

‘सापसुरळी’ या शब्दात ‘साप’ व ‘सुरळी’ असे दोन घटक दिसतात. मराठीत ‘सुरळी’ म्हणजे गोल गुंडाळी. कागदाची सुरळी, सुरळीची वडी या प्रयोगांत हा अर्थ रूढ आहे. सापसुरळीचे सर्व बाजूंनी सारख्या गोलाईचे, नळीसारखे अंग या अर्थाशी जुळते. पाल चपटी असते आणि सरड्याच्या पाठीवर काट्यांची रांग असते. त्यांच्या तुलनेत सापसुरळीचे हे वेगळेपण चटकन डोळ्यांत भरते. अशा प्रकारे हा शब्द प्राण्याच्या आकाराचे वर्णन करतो.

‘सापाची मावशी’ हे नाव आकाराबरोबर नातेही सांगते. मराठीत मांजराला ‘वाघाची मावशी’ म्हणतात; त्याच धर्तीवर हे नाव घडलेले आहे. मावशी ही आईसारखी दिसणारी पण आई नसलेली व्यक्ती असते. ‘माय मरो पण मावशी जगो’ या म्हणीत तिच्याविषयीची जवळीक व्यक्त होते. रूपाने सारखा परंतु प्रत्यक्षात वेगळा असा प्राणी ओळखण्यासाठी लोकभाषेने हे नाते वापरले आहे. तथापि या दोन मावश्यांच्या वाट्याला आलेली वागणूक सारखी नाही. मांजर वाघाची मावशी असली तरी कोणी तिला वाघ समजून मारत नाही, कारण ती रोजच्या ओळखीची असते. सापसुरळी मात्र क्षणभर दिसते व गवतात नाहीशी होते, त्यामुळे नावातील ‘साप’ हाच शब्द मनात राहतो.

इतर भारतीय भाषांतील नावे

सापसुरळीच्या भारतीय नावांत काही समान कल्पना पुनःपुन्हा आढळतात.

हिंदी : हिंदी भाषक प्रदेशात ‘साँप की मौसी’ हे मराठीशी समांतर नाव प्रचलित आहे. त्याशिवाय ‘बाम्हनी’, ‘बम्हनी’ व ‘बभनी’ ही नावेही वापरली जातात. त्यांचे मूळ संस्कृत ‘ब्राह्मणी’ या शब्दात मानले जाते.

संस्कृत : संस्कृत कोशांत ‘ब्राह्मणी’ या शब्दाच्या अनेक अर्थांपैकी एक अर्थ लाल शेपटीचा सरड्यासारखा प्राणी असा दिला जातो. ‘रक्तपुच्छिका’ म्हणजे लाल शेपटीची, असेही एक नाव कोशांत येते. भारतात सापडणाऱ्या रायोपा पंक्टाटासारख्या जातींच्या पिल्लांची लाल शेपूट पाहता हे वर्णन सापसुरळीला चांगले लागू पडते. शरीरावरील प्रत्यक्ष लक्षण टिपणारे हे नाव असल्याने ते इतर नावांहून वेगळे ठरते.

तमिळ व मल्याळम : तमिळमधील ‘अरणै’ व मल्याळममधील ‘अरण’ ही नावे एकाच मुळाची आहेत. अरणै चावल्यास तत्काळ मृत्यू येतो असा समज या दोन्ही भाषकांत प्रचलित आहे. त्याला जोडूनच दुसरी समजूत आहे : हा प्राणी चावायला येतो, पण वाटेतच आपण कशासाठी आलो हे विसरतो. त्यामुळे विसराळू माणसाला या प्राण्याची उपमा दिली जाते. दोन समजुती एकमेकींना पूरक आहेत. प्राणी प्राणघातक आहे असे मानले, तर त्याच्या चाव्याने कोणी मेल्याचे दिसत का नाही, हा प्रश्न उरतो. विसराळूपणाची कथा त्याचे उत्तर पुरवते.

कन्नड व तुळू : कन्नडमध्ये ‘अरणे’, ‘राणे’ व ‘राणी’ अशी रूपे आढळतात, तुळूमध्येही ‘अरणे’ हे रूप आहे. टी. बरो व एम. बी. एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ही सर्व रूपे तमिळ व मल्याळम शब्दांबरोबर एकत्र दिलेली आहेत. कन्नडमधील ‘हावुराणी’ या नावात ‘हावु’ म्हणजे साप. मूळ ‘अरणे’पासून आलेले ‘राणी’ हे रूप ऐकताना राजाच्या राणीचा अर्थ सहज मनात येतो, आणि म्हणून या नावाचा अर्थ ‘सापांची राणी’ असा सांगितला जातो. ध्वनिसाम्यामुळे जुन्या शब्दाला नवा अर्थ चिकटण्याच्या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. हावुराणी हे तिचे उत्तम उदाहरण आहे. या प्राण्याच्या चाटण्यानेही विषबाधा होते, अशी समजूत कन्नड भाषकांत नोंदवली गेली आहे.

‘स्किंक’ या शब्दाचा उगम

इंग्रजी ‘स्किंक’ हा शब्द लॅटिन ‘सिंकस’वरून व तो ग्रीक ‘स्किंकोस’ या शब्दावरून आला. ग्रीक व रोमन लेखकांनी हा शब्द मुख्यतः ईजिप्त व आसपासच्या वाळवंटी प्रदेशातील एका सरड्यासाठी वापरला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वैद्य डायोस्कोरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात त्याचा समावेश केला. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी याने काही लोक या प्राण्याला ‘जमिनीवरची मगर’ म्हणतात, असे नमूद केले आहे.

प्राचीन व मध्ययुगीन औषधशास्त्रात सुकवलेल्या स्किंकच्या मांसाला मोठी मागणी होती. ते कामोत्तेजक व विषनाशक समजले जाई. राजा मिथ्रिडेटीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘मिथ्रिडेट’ या बहुघटकी विषनाशक औषधाच्या कृतींतही स्किंकचा समावेश असे. सुकवलेले प्राणी ईजिप्तमधून युरोपातील औषधविक्रेत्यांकडे पाठवले जात. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये या प्राण्याला लॅसर्टा सिंकस असे शास्त्रीय नाव दिले. पुढे १७६८ मध्ये योझेफूस लॉरेंटी यांनी सिंकस ही स्वतंत्र प्रजाती केली आणि जातिनाम म्हणून ‘ऑफिसिनॅलिस’ हा शब्द वापरला. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘औषधिशाळेतील’ असा होतो. आज या जातीचे ग्राह्य नाव सिंकस सिंकस असे आहे.

अरबीत हा ग्रीक शब्द ‘सकनकूर’ या रूपात गेला. फार्सीत या प्राण्याला ‘रेगमाही’ म्हणतात. ‘रेग’ म्हणजे वाळू व ‘माही’ म्हणजे मासा. ही दोन्ही नावे युनानी वैद्यकाबरोबर भारतात आली. राजस्थान, गुजरात व पाकिस्तान येथील वाळूत राहणाऱ्या एका सापसुरळीला १९६६ मध्ये ओफिओमोरस रेथमाई हे नाव देण्यात आले. त्यातील ‘रेथमाई’ या शब्दात ‘वाळूचा मासा’ हे लोकनाव ओळखता येते. बाजारात ‘सांड्याचे तेल’ म्हणून विकला जाणारा पदार्थ मात्र सापसुरळीशी संबंधित नाही. सांडा हा अगामिडी कुलातील वेगळा प्राणी आहे.

‘वाळूचा मासा’ हे नाव प्राण्याच्या वर्तनाचे अचूक वर्णन ठरले आहे. सिंकस सिंकस हा प्राणी सैल वाळूत शिरून तिच्याखाली वेगाने पुढे सरकतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात क्ष-किरण चित्रणाच्या साहाय्याने त्याची वाळूखालील हालचाल पाहण्यात आली. वाळूत शिरल्यावर तो पाय अंगाशी घट्ट मिटतो आणि मासा पाण्यात पोहतो त्याप्रमाणे शरीराच्या लाटांनी पुढे जातो, असे त्यातून दिसून आले.

समान उच्चाराचे शब्द

इंग्रजी व स्कॉट्स भाषांत ‘स्किंक’ असाच उच्चार असणारे आणखी दोन शब्द आहेत. त्यांचा या प्राण्याशी काहीही संबंध नाही. पहिला शब्द ‘मद्य ओतणे, वाढणे’ या अर्थाचे जुने क्रियापद आहे. मद्य वाढणाऱ्याला ‘स्किंकर’ म्हणत. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या पहिल्या भागात ‘अंडर-स्किंकर’ हा शब्द मद्यालयातील दुय्यम नोकरासाठी आला आहे. दुसरा शब्द स्कॉटलंडमधील सूपचा आहे. मूळ अर्थ गुरांच्या पायाच्या नळीच्या मांसाचे सूप असा होता व जर्मन भाषेतील ‘शिंकेन’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. ईशान्य स्कॉटलंडमधील कलन या गावाच्या नावाने ओळखले जाणारे ‘कलन स्किंक’ हे सूप धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटे, कांदा व दूध यांपासून करतात. त्यात सरडा नसतो आणि पायाचे मांसही नसते. जुने नावच तेवढे टिकून राहिले आहे.

शास्त्रीय नावांचे अर्थ

शास्त्रीय नावांचा इतिहासही लोकनावांपासून पूर्णपणे अलिप्त नाही. भारतातील सामान्य सापसुरळीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. योहान गॉटलोब श्नायडर यांनी १८०१ मध्ये तिचे वर्णन सिंकस कॅरिनाटस या नावाने केले. म्हणजे औषधिशाळेतील प्राण्याच्या प्रजातीतच तिला स्थान मिळाले. नंतर ती इतर प्रजातींबरोबरच दीर्घ काळ माबूया या प्रजातीत गणली गेली. माबूया ही प्रजाती लिओपोल्ड फिट्झिंगर यांनी १८२६ मध्ये स्थापन केली. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘माबूया’ म्हणजे दुष्ट आत्मा. तेथे हा शब्द काही सरड्यांनाही लावला जाई. अशा रीतीने महाराष्ट्रातील बांधावर फिरणाऱ्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात दूरच्या बेटांवरील भुताचे नाव आले.

आनुवंशिक अभ्यासाच्या आधारे २००२ मध्ये माबूया या विशाल प्रजातीचे विभाजन करण्यात आले. अमेरिका खंडातील जातींकडे माबूया हे नाव राहिले आणि आशियातील जातींसाठी फिट्झिंगर यांनीच १८४३ मध्ये दिलेले युट्रोपिस हे नाव पुन्हा वापरात आले. ग्रीक ‘यु’ म्हणजे चांगला व ‘ट्रोपिस’ म्हणजे नावेच्या तळाचा कणा. लॅटिन ‘कॅरिनाटा’चा अर्थही कणा किंवा कंगोरा असलेली असाच होतो. खवल्यांवरील उभे कंगोरे हे या नावांमागचे कारण आहे. हार्डविक व ग्रे यांनी १८२७ मध्ये दिलेल्या लायगोसोमा या प्रजातिनामात ग्रीक ‘लायगोस’ म्हणजे लवचिक डहाळी व ‘सोमा’ म्हणजे शरीर हे शब्द आहेत. ‘पंक्टाटा’ म्हणजे ठिपक्यांची.

सापाशी असलेले नाते

साप व सापसुरळी हे दोघेही स्क्वॅमाटा गणात मोडतात. त्या अर्थाने ते नातलग आहेत. परंतु नावावरून वाटते तितके हे नाते जवळचे नाही. जनुकीय पुराव्यांनुसार साप, अगामिडी व त्यांचे नातलग आणि घोरपडी व त्यांचे नातलग हे एका मोठ्या शाखेत येतात. सापसुरळ्या या शाखेच्या बाहेर, वेगळ्या गटात आहेत. त्यामुळे कुंपणावरचा सरडा आणि घोरपड हे सापसुरळीपेक्षा सापाचे अधिक जवळचे नातलग ठरतात.

साप व सापसुरळी यांच्यातील साम्य समांतर उत्क्रांतीचे फळ आहे. माती, वाळू किंवा दाट गवत यांतून वाट काढताना लांबट शरीर उपयोगी पडते व पायांचा अडथळा होतो. सापसुरळ्यांच्या कुलात पाय लहान होण्याची किंवा नाहीसे होण्याची प्रक्रिया अनेकदा स्वतंत्रपणे घडली आहे. ऑस्ट्रेलियातील लेरिस्टा या प्रजातीत ९० हून अधिक जाती असून त्यांत पाच बोटांच्या पायांपासून पूर्णपणे पाय नसलेल्या प्राण्यांपर्यंत सर्व पायऱ्या पाहायला मिळतात. भारतात ओडिशातील चिलिका सरोवरातल्या बरकुडा बेटावर आढळणारी बरकुडिया इन्सुलॅरिस ही सापसुरळी पायविरहित आहे. तिचे वर्णन नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१७ मध्ये केले.

महाराष्ट्र व गोव्यातील सापसुरळ्यांना चार पाय असतात. पाय, मिटणाऱ्या पापण्या व कानाचे छिद्र या तीन लक्षणांवरून त्या सापांपासून वेगळ्या ओळखता येतात. सापांना पापण्या नसतात आणि कानाचे बाह्य छिद्रही नसते.

विषारीपणाचा समज

सिन्सिडी कुलातील कोणत्याही प्राण्याला विषदंत किंवा माणसाला अपाय करणारे विष नाही. तरीही विषारीपणाचा समज भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात मोठ्या, लाल डोक्याच्या स्किंकला ग्रामीण भागात ‘विंचू’ या अर्थाच्या नावाने ओळखतात व विषारी मानतात. ऑस्ट्रेलियात निळ्या जिभेच्या स्किंकचा चावा दरवर्षी पुन्हा उफाळून येतो अशी समजूत आहे. सापासारखी चाल, वारंवार बाहेर येणारी जीभ, अंगावरची चकाकी आणि अचानक होणारे दर्शन ही अशा समजुतींची सर्वसाधारण कारणे म्हणता येतील.

या समजाचे दोन प्रकारचे परिणाम होतात. पहिला परिणाम प्राण्यावर होतो : घराच्या आवारात दिसलेली सापसुरळी सापाचे पिल्लू किंवा विषारी प्राणी समजून मारली जाते. दुसरा परिणाम माणसावर होतो व तो अधिक गंभीर आहे. सापसुरळीच्या चाव्यात विष नसल्याने मंत्र, दोरा, पाला किंवा अन्य कोणताही उपाय केला तरी माणूस बराच होतो. चावा विषारी होता असे गृहीत धरल्यास या बरे होण्याचे श्रेय त्या उपायाला मिळते. असा ‘यशस्वी’ उपाय मग नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांच्या दंशावर करून पाहिला जातो आणि रुग्णालयात पोहोचण्याचा मोलाचा वेळ वाया जातो. विषारी सर्पदंशावर प्रतिसर्पविष हाच सिद्ध उपचार आहे.

सापसुरळी सहसा चावत नाही. हातात पकडली तरच ती चावण्याचा प्रयत्न करते. अशी जखम साबण व पाण्याने स्वच्छ धुणे पुरेसे असते. मात्र चावलेला प्राणी नेमका कोणता हे पाहिलेले नसल्यास किंवा त्याविषयी शंका असल्यास तो सापच होता असे समजून तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. मण्यारच्या दंशाच्या खुणा व वेदना अत्यल्प असू शकतात, त्यामुळे जखम किरकोळ दिसते एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

परिसंस्थेतील स्थान व संकटे

शेती व बागांतील कीटकांची संख्या मर्यादित ठेवण्यात सापसुरळ्यांचा वाटा असतो. त्या स्वतः अनेक प्राण्यांचे भक्ष्य आहेत. शिक्रा, भारद्वाज, खंड्या यांसारखे पक्षी, मुंगूस व मांजरे त्यांना खातात. सापही त्यांची शिकार करतात; कवड्या या बिनविषारी सापाच्या आहारात पालींबरोबर सापसुरळ्यांचा समावेश होतो, तसेच मण्यारही सापसुरळ्या खाते. लोकभाषेने सापाची मावशी ठरवलेला प्राणी प्रत्यक्षात सापाचे खाद्य आहे. साप व सापसुरळी एकाच दगडाच्या ढिगाऱ्यात किंवा कुंपणाजवळ दिसण्याचे हेही एक कारण आहे.

गवत व पाचोळा जाळणे, कीटकनाशकांचा वापर, बांध सपाट करणे, पाळीव व भटकी मांजरे आणि गैरसमजातून होणारी हत्या ही सापसुरळ्यांपुढील प्रमुख संकटे होत. बेटांवरील जाती विशेष असुरक्षित असतात. हिंद महासागरातील ख्रिसमस बेटावरील इमोइया नेटिव्हिटाटिस या जातीचा अखेरचा ज्ञात प्राणी २०१४ मध्ये बंदिवासात मरण पावला. त्याच बेटावरील निळ्या शेपटीची सापसुरळी निसर्गातून नाहीशी झाली असून बंदिवासातील प्रजननाद्वारे तिचे जतन केले जात आहे. केप व्हर्दी बेटांवरील महाकाय स्किंक ही जातही नामशेष झाली आहे. माणसाने अन्नासाठी केलेली शिकार हे त्यामागील एक कारण मानले जाते.

भारतातील सामान्य जातींचा प्रसार विस्तृत असून त्या मानवी वस्तीजवळही तग धरून आहेत. परसातील दगडांचा ढीग, कुंपणाची वाड, न जाळलेला पाचोळा आणि बांधावरचे गवत एवढा आसरा त्यांना पुरतो.